परळमध्ये सापडलेला रक्तगट आणि फ्युकोजचा माग

३ मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात दोन पानांत मावणारा एक लेख छापून आला. लेखकांमधली पहिली तीन नावे मुंबईची होती: वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनची: रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. परळच्या केईएम रुग्णालयाला जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून आलेली ती बातमी होती. तीन माणसांच्या रक्तात ए नव्हते आणि बीही नव्हते. एवढ्यावरून त्यांना ओ गटाचे म्हणता आले असते. पण ओ गटाच्या प्रत्येक माणसात भरपूर असणारा एच नावाचा पदार्थसुद्धा त्यांच्या रक्तात नव्हता.

पुढे जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत हा ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून रुजला. शहराचे अधिकृत नाव १९९५ साली बदलले, तरी रक्तगटाचे नाव तेच आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो परीक्षेपुरता ठाऊक असतो आणि वर्तमानपत्राच्या वाचकाला ‘दुर्मीळ रक्तासाठी धावाधाव’ अशा मथळ्यातून भेटतो. पण परळमध्ये जी उणीव हाताला लागली ती एका साखरेची होती, आणि ती साखर फक्त तांबड्या पेशींवर नसते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही ती असते. नव्या रक्तवाहिन्या फुटताना प्रथिनांवर चढवलेल्या साखरा काय काम करतात, या आजच्या संशोधनाची एक महत्त्वाची वाट परळवरून जाते.

ज्या संस्थेत हे घडले तिचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. केईएम रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. सरकारी वैद्यकीय सेवेतली वरची पदे तेव्हा गोऱ्या डॉक्टरांच्या हाती असत. या महाविद्यालयासाठी देणगी देतानाच अट घालण्यात आली होती की इथले अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच असावेत. हिंदी डॉक्टरांना शिकवण्याची आणि संशोधनाची संधी मिळावी म्हणून उभ्या राहिलेल्या या संस्थेतून, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांच्या आत, जगाच्या रक्तगटशास्त्रात भर पडली. डॉ. भेंडे हे विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. भेंडे आणि देवधरे यांच्या विकृतिशास्त्रावरच्या पाठ्यपुस्तकावर डॉक्टरांच्या अनेक पिढ्या पोसल्या.

मुंबईत रक्तगटांचा अभ्यास तेव्हा नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हान्का हिर्शफेल्ड या पोलिश दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले होते. हिंदुस्थानी सैनिकांत बी गटाचे प्रमाण युरोपीय सैनिकांपेक्षा पुष्कळ जास्त आहे, हे त्यांनी १९१९ साली प्रसिद्ध केले. पुढे टाटा स्मारक रुग्णालयात काम करणाऱ्या वसंत खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या, आपापसातच लग्ने करणाऱ्या सहा समाजगटांची रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणांसाठी तपासणी केली. तो अभ्यास १९४९-५० मध्ये लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात आला. रक्ताचा नमुना ही माणसांच्या इतिहासाची नोंद आहे, असे मानणारी माणसे या शहरात आधीच काम करत होती.

तरीही १९५२ चा शोध कुठल्या सर्वेक्षणातून आला नाही. तो रोजच्या रक्तपेढीच्या कामातून आला. एक रुग्ण रेल्वेच्या अपघातात जखमी झाला होता आणि दुसऱ्याला भोसकले गेले होते. दोघांनाही रक्ताची गरज होती. अँटी-ए आणि अँटी-बी ही द्रव्ये घालून पाहिली तर पेशींच्या गुठळ्या झाल्या नाहीत, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने गट ओ. मग ओ गटाच्या दात्याचे रक्त घेऊन जुळणी केली, तर रुग्णाच्या रक्तद्रवाने त्या दात्याच्या पेशींच्या गुठळ्या केल्या. दुसरा दाता घेतला, तिसरा घेतला. प्रत्येक ओ दात्याबाबत तेच. ‘चाचणीत काहीतरी चुकले’ अशी नोंद करून हे प्रकरण मिटवता आले असते. परळच्या मंडळींनी ते मिटवले नाही. जे रक्त कोणाशीच जुळत नव्हते ते एकमेकांशी मात्र जुळत होते, हे त्यांनी शोधून काढले आणि नमुने लंडनच्या लिस्टर संस्थेत रेस आणि सँगर यांच्याकडे पाठवले.

लिस्टर संस्थेचे नाव महत्त्वाचे आहे. तिथेच मॉर्गन आणि वॉटकिन्स हे दोघे रसायनशास्त्रज्ञ एका प्रश्नाला भिडले होते: ए, बी आणि ओ हा फरक रसायनाच्या भाषेत नेमका कशाचा? कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात रक्तगट मांडले, त्याबद्दल १९३० चे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले. पण पेशीवर ए किंवा बी म्हणून नेमके काय असते हे अर्धे शतक उलटले तरी उलगडले नव्हते.

उत्तराचा एक धागा ईल या सापासारख्या लांब माशाच्या रक्तद्रवातून आला. हा द्रव ओ गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो, कारण त्यात एच पदार्थाला चिकटणारे द्रव्य असते. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी त्यात एकेक साधी साखर आधीच मिसळून पाहिली. एल-फ्युकोज मिसळले की गुठळ्या होणे थांबले. माशातले ते द्रव्य मोकळ्या फ्युकोजला चिकटून बसले आणि पेशींसाठी शिल्लकच राहिले नाही. म्हणजे एच पदार्थाची ओळख फ्युकोजवर आहे. हा निष्कर्षही १९५२ सालचाच. एकाच वर्षी एच म्हणजे फ्युकोज हे कळले आणि एच अजिबात नसलेली माणसे मुंबईत भेटली.

पुढच्या दोन दशकांत चित्र स्पष्ट होत गेले. तांबड्या पेशीच्या आवरणातली प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांच्यावर साखरांच्या लहान लहान साखळ्या चढवलेल्या असतात. पेशीच्या आत विशिष्ट विकरे हे काम एकेक साखर जोडत करतात. प्रथिनांवर साखर चढवण्याच्या या क्रियेलाच ग्लायकोसिलेशन म्हणतात. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजवर एक विकर फ्युकोज बसवते, तेव्हा एच तयार होतो. त्यावर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन ही साखर जोडली गेली तर गट ए, आणखी एक गॅलॅक्टोज जोडला गेला तर बी, दोन्ही प्रकार झाले तर एबी, आणि पुढे काहीच जोडले गेले नाही तर ओ. ही उतरंड आहे: खालचे मडके नसेल तर वरचे ठेवायला जागा नसते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बी घडवणारे जनुक शाबूत असू शकते, पण फ्युकोजच नसल्याने त्याला काही करता येत नाही.

याचा कौटुंबिक पुरावा १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तपासणीत ओ ठरलेल्या एका स्त्रीकडून तिच्या संततीत बी गटाचे जनुक गेले होते. ओ गटाच्या आईकडून हे शक्य नाही. तिच्याकडे बी होते, पण ते दिसत नव्हते. मुंबईच्या तीन माणसांची आठवण ठेवून लेव्हिन यांनी या प्रकाराला ‘बॉम्बे’ म्हटले. आईबाप आणि मुले यांचे रक्तगट जुळत नाहीत म्हणून घरात संशयाचे वादळ उठू शकते, अशा वेळी हे ज्ञान किती मोलाचे ठरते, ते वेगळे सांगायला नको.

साखरा ओळखण्याचे काम त्या काळात यंत्रांपेक्षा बियांनी जास्त केले, आणि इथे या कहाणीत मराठवाड्याच्या शेतातले एक पीक येते.

ते पीक जिथे होते ते हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गोरेगाव परळपासून पाचशे किलोमीटरहून दूर आहे. ‘लॅन्सेट’मधला लेख आला तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यात नव्हताच, हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात तो होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. या भागातल्या हलक्या, कोरडवाहू जमिनीत हुलगा हे जुने, हक्काचे पीक. पाऊस कमी पडला तरी ते हाती लागते. हुलगे भिजवून, उकडून बैलांना चारत. घरात हुलग्याचे माडगे होई, थंडीत आणि आजारपणात ते हमखास प्यायले जाई. कोकणात यालाच कुळीथ म्हणतात आणि त्याची पिठी करतात. सोयाबीन आणि हळदीने आता शेते व्यापली आहेत, तरी हुलगा अजून पुरता हटलेला नाही.

या हुलग्याच्या बियांचा अर्क ए गटाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, हे १९५१ साली जॉर्ज बर्ड यांनी बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले. बर्ड हे भारतीय सेनेच्या रक्तसंक्रमण विभागातले डॉक्टर. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी काम केले. अर्क योग्य प्रमाणात पातळ केला तर तो ए गटातही निवड करतो, असे त्यांना आढळले: ए-वन या उपगटाच्या पेशी धरतो, ए-टूच्या सोडून देतो. पुढे कळले की बियांमधले एक प्रथिन एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन या साखरेला चिकटते. साखर ओळखून तिला चिकटणाऱ्या अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. हुलग्याचे लेक्टिन गेली सात दशके जगभरच्या रक्तपेढ्यांत अँटी-ए-वन म्हणून वापरले जाते. शेतकऱ्याने बैलासाठी पेरलेल्या धान्याने रक्ताचा उपगट ठरवता येतो, ही गोष्ट गोरेगावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला आवर्जून सांगावी अशी आहे.

बॉम्बे गटासाठी मात्र दुसरे बी लागते. युलेक्स युरोपिअस हे पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप मूळचे पश्चिम युरोपातले. इंग्रजांनी आणले आणि निलगिरीच्या डोंगरांवर ते माजले. त्याच्या बियांतले लेक्टिन एच पदार्थातल्या फ्युकोजला चिकटते. ओ गटाच्या पेशींच्या ते ठळक गुठळ्या करते, बॉम्बे गटाच्या पेशींना ते स्पर्शही करत नाही. संशयित नमुना खरोखरच बॉम्बे आहे का, हे ठरवायला हे अँटी-एच लेक्टिन वापरले जाते.

१९८२ साली फिनलंडच्या हॅरी होल्थोफर आणि सहकाऱ्यांनी याच युलेक्सच्या लेक्टिनला चमकणारा रंग जोडून माणसाच्या ऊतींचे पातळ काप तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या उजळल्या. धमन्या, शिरा, अगदी बारीक केशवाहिन्यासुद्धा. त्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा जो एकेरी थर असतो, त्याच्यावर फ्युकोजच्या खुणा होत्या. तेव्हापासून विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत मानवी रक्तवाहिन्यांचे अस्तर ओळखण्यासाठी हे लेक्टिन वापरले जाऊ लागले. गाठीचा तुकडा तपासताना ती रक्तवाहिन्यांपासून निघाली आहे का, हे ठरवायलाही त्याची मदत झाली. मुंबईच्या तीन माणसांच्या तांबड्या पेशींवर जी साखर सापडली नव्हती, तीच साखर रक्तवाहिन्यांची ओळख ठरली होती.

ती तिथे काय करते, हा प्रश्न पुढे आला आणि तो योग्य काळात आला. बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले होते की कर्करोगाच्या गाठीला वाढायचे तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या बोलवाव्या लागतात; ते रोखले तर गाठ खुरटेल. सुरुवातीला फार थोड्यांनी ते मानले. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळे केले, आणि २००४ साली त्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. जखम भरणे, गर्भाची वाढ, मधुमेही डोळ्यातला पडदा, सांधेवाताने सुजलेला सांधा, या सगळ्या ठिकाणी नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

शिकागोत संधिवातावर काम करणाऱ्या अलिसा कॉख यांच्या गटाने २००० साली दाखवले की एच आणि त्याच्या जवळचा लुईस-वाय हा फ्युकोजधारी पदार्थ रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतो, दाहाच्या वेळी वाढतो आणि त्याचा विरघळलेला अंश नव्या वाहिन्या फुटायला चालना देतो. २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी पाहिले की अस्तराच्या पेशी एकमेकींना पहिल्यांदा भिडतात तिथे लुईस-वाय जमतो, आणि तो घडवणारे विकर दाबून टाकले की प्रयोगशाळेतल्या पेशी नीट नळ्या बनवू शकत नाहीत. हे विकर म्हणजे एफयूटी-१. त्याचे जनुक १९९० साली हाती लागले होते, आणि १९९० च्या दशकात असे सिद्ध झाले होते की बॉम्बे गटाच्या भारतीय माणसांत याच जनुकात बिघाड असतो: विकरात २४२ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन येते. गुणसूत्र १९ वरचे त्याच्या शेजारचे एफयूटी-२ हे जनुक तर त्यांच्यात गळूनच गेलेले असते, म्हणून त्यांच्या लाळेतही एच नसतो.

फ्युकोजचे दुसरे काम याहून खोल आहे. जुन्या वाहिनीतून नवा कोंभ फुटतो तेव्हा सगळ्याच पेशींनी पुढे धावून चालत नाही. एक पेशी टोकाला जाते, वाट काढते. मागच्या पेशी देठ बनतात आणि नळी पोकळ ठेवतात. कोणी टोक व्हायचे आणि कोणी देठ, हे नॉच नावाच्या प्रथिनावर ठरते. टोकावरची पेशी डीएलएल-४ हा संदेश दाखवून शेजारणीतले नॉच जागे करते आणि तिला मागेच थांबवते. या नॉचवर फ्युकोज चढवलेला असतो. फ्रिंज नावाचे विकर त्या फ्युकोजला आणखी एक साखर जोडते, हे २००० साली कळले. जर्मनीतल्या राल्फ अ‍ॅडम्स यांच्या गटाने २००९ मध्ये उंदरांच्या डोळ्यातल्या पडद्यात त्याचा परिणाम दाखवला: फ्रिंजची साखर चढली की नॉच डीएलएल-४ चे जास्त ऐकते आणि जॅग्ड-१ या विरुद्ध संदेशाचे कमी. साखरेच्या एका कडीवरून वाहिन्यांच्या फांद्या विरळ की दाट, हे बदलते.

औषधांच्या अपयशाचे एक कारणही साखरांत सापडले. व्हीईजीएफला अडवणारी औषधे काही गाठींवर चालतात, काहींवर नाही. ब्यूनोस आयर्समधल्या गाब्रिएल राबिनोविच यांच्या गटाने २०१४ साली दाखवले की न बधणाऱ्या गाठी गॅलेक्टिन-१ सोडतात. हे आपल्याच शरीरातले लेक्टिन. हुलग्याच्या किंवा युलेक्सच्या लेक्टिनसारखे तेही साखर ओळखते. रक्तवाहिनीच्या पेशीवर व्हीईजीएफचा संदेश घेणारे जे प्रथिन असते, त्याच्या साखरसाखळ्यांना ते चिकटते आणि व्हीईजीएफ नसतानाही वाढीचा संदेश चालू ठेवते. साखळीच्या टोकाला सियालिक आम्ल असेल तर गॅलेक्टिनला पकड मिळत नाही.

मग बॉम्बे गटाच्या माणसांचे काय? त्यांच्यात एच घडवणारे विकर निकामी असते, तरी त्यांच्या जखमा भरतात, मुले-बाळे होतात, ती इतरांसारखीच निरोगी आयुष्य जगतात. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांना त्यांच्या असण्याने मर्यादा घातली आहे: एच पदार्थ वाहिन्यांच्या वाढीला हातभार लावत असला, तरी तो नसल्याने माणसाचे शरीर अडत नाही, दुसरे मार्ग उपलब्ध असतात. नॉचवर फ्युकोज चढवणारे विकर वेगळे आहे आणि ते या माणसांत शाबूत असते.

फ्युकोजचा सगळा पुरवठाच आटला तर काय होते, याचे उत्तर १९९२ साली इस्रायलमधून आले. आमोस एत्झिओनी यांनी दोन मुलांची नोंद केली. त्यांना वारंवार जंतुसंसर्ग होई, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट वाढत, पण संसर्गाच्या जागी पू होत नसे. वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकासही मंद. दोघांचा रक्तगट बॉम्बे निघाला. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीवर थांबायला फ्युकोजधारी साखळ्या लागतात. त्या नसल्याने पेशी नुसत्या वाहून जात होत्या. पुढे आढळले की फ्युकोज पेशीतल्या साखरा जोडण्याच्या जागी पोचवणाऱ्या वाहक प्रथिनात बिघाड आहे. अशा काही रुग्णांना तोंडावाटे फ्युकोज देऊन फायदा झाला. हा आजार अत्यंत विरळा आहे आणि भारतातल्या बॉम्बे गटाच्या निरोगी माणसांशी त्याचा संबंध नाही. पण परळमध्ये नाव मिळालेली खूण डॉक्टरांच्या ओळखीची होती, म्हणून आजाराचा उलगडा फ्युकोजपर्यंत पोचला.

मुंबईत या कामाची परंपरा चालू राहिली. १९५७ साली केईएमच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. तेच आज राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९७३ साली एस. एस. बदकेरे, भाटिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच आणखी एक प्रतिजन शोधला. देशाच्या नावावरून त्या रक्तगट प्रणालीला ‘इंडियन’ म्हटले जाते. भाटिया आणि सहकाऱ्यांच्या १९७४ च्या पाहणीत मुंबईतल्या बॉम्बे गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० मध्ये एक असे आले. युरोपात ते दहा लाखांत एखादे मानले जाते. देशात नोंदवलेल्या अशा व्यक्तींपैकी निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातल्या होत्या, आणि त्यातही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर हा पट्टा ठळक होता.

यामागे लग्नाच्या चालीही आहेत. बिघडलेले जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच मूल बॉम्बे गटाचे होते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रात, विशेषतः दक्षिणेकडे आणि मराठवाड्यात, जुनी. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली आहे. नात्यात लग्न झाले की एकाच पूर्वजाकडून आलेली दोन जनुके एकत्र येण्याची शक्यता वाढते. बॉम्बे गटाच्या अनेक कुटुंबांत आईबापांचे नाते आढळले ते म्हणूनच. याचा व्यावहारिक उपयोगही आहे: एक व्यक्ती सापडली की तिच्या सख्ख्या भावंडांचे रक्त आधी तपासावे, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते.

बॉम्बे गटाच्या माणसाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. ओ गटाचे दिले तर त्याच्या रक्तद्रवातले अँटी-एच दात्याच्या पेशी फोडू लागते आणि जीव धोक्यात येतो. नेहमीच्या थंडपणात रक्ताची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते, म्हणून क्वचित लागणारे रक्त कपाटात साठवून ठेवण्यापेक्षा दात्यांची यादी साठवून ठेवावी लागते. मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका स्त्रीसाठी शिर्डीचा एक दाता चारशेहून अधिक किलोमीटर मोटारीने गेला आणि रक्त देऊन आला. अशा नोंदी ठेवणाऱ्या स्वयंसेवी संस्था आणि मुंबईच्या राष्ट्रीय संस्थेची दुर्मीळ दात्यांची नोंदवही यांच्यावरच हे सारे चालते.

गोरेगाव-सेनगावच्या रुग्णाला अवघड शस्त्रक्रियेसाठी आजवर हिंगोली, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागत आली. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रक्तपेढीत शिकणाऱ्या मुलामुलींना एक गोष्ट पहिल्या वर्षापासून हाताने करता आली पाहिजे: पेशींची तपासणी ओ दाखवत असली तरी रक्तद्रवाची उलट तपासणी ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींवरही करणे. ओ पेशींच्या गुठळ्या झाल्या तर नमुना बाजूला काढून अँटी-एच लेक्टिन लावायचे, तरीही शंका राहिली तर तो परळला पाठवायचा आणि घरच्या मंडळींना तपासणीसाठी बोलवायचे. याला मोठे यंत्र लागत नाही. काचेची नळी, चार थेंब आणि न जुळणाऱ्या निकालापाशी थांबण्याची तयारी लागते. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतले बॉम्बे गटाचे दाते अशा तपासण्यांतूनच नोंदवहीत येतील, आणि मग तिथल्या एखाद्या बाळंतिणीसाठी रक्त कोल्हापूरहून किंवा शिर्डीहून येण्याची वाट पाहावी लागणार नाही.